मलेरियाची गोळी ‘लागू पडली’ की नाही हे नीट कसं तपासायचं

दोन पेशंट, दोघांना मलेरिया, दोघांना तीच गोळी. एक तिसऱ्या दिवशी उठून बसतो, जेवण मागतो आणि दुसरा पाचव्या दिवशीही पांघरुणात कुडकुडतोय. मग लगेच निकाल तयार, की गोळीच बोगस होती, नाहीतर आता मलेरियाला कुठलंच औषध चालत नाही. यातलं काहीतरी खरं असू शकतं, नाही असं नाही, पण ते सगळ्यात शेवटी तपासायचं असतं आणि लोक सुरुवातच तिथून करतात. गोळी कोणाच्या पोटात गेली, किती गेली, कशाबरोबर गेली, राहिली की उलटीत गेली, आणि मुळात कुठल्या जातीच्या परजीवीवर गेली, हे पाच प्रश्न सुटल्याशिवाय ‘लागू पडली नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. म्हणून क्रमाने जाऊ.

आधी हे वाचा: पेशंट शुद्धीत नाही, बरळतोय, झटके येतायत, दम लागतोय, डोळे पिवळे झालेत, लघवी अगदी कमी किंवा काळपट होतेय, गोळी पोटात टिकतच नाहीये किंवा लहान मूल दूध-पाणीसुद्धा घेत नाहीये, यातलं एक जरी असलं तर खालचं सगळं बाजूला ठेवा आणि हॉस्पिटल गाठा. तिथे गोळी नाही, शिरेतून आर्टेसुनेट लागतं आणि त्यात तास मोजले जातात.

## १. पहिल्या गोळीच्या आधी: एक कागद घ्या

खरंच कागद घ्या, डोक्यात ठेवू नका, कारण तापाच्या घरात तिसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही की दुसरा डोस संध्याकाळी सहाला दिला की आठला. कागदावर एवढं लिहा:

- ताप कधी सुरू झाला, आणि गेल्या दोन महिन्यांत मलेरियाचं दुसरं काही औषध घेतलंय का. प्रवासाआधी घ्यायची प्रतिबंधक गोळीही यात धरा. ती घेत असतानाच मलेरिया झाला असेल तर उपचाराला तेच औषध वापरत नाहीत.
- आजचं वजन. अंदाजाने नाही, काट्यावर.
- गरोदरपण, अंगावर पाजणं, बाळाचं वय.
- रोज चालू असलेली सगळी औषधं, अगदी सगळी.
- रक्ततपासणीचा रिपोर्ट: परजीवीची जात आणि संख्या.

ज्या दिवशी पहिला डोस दिला तो दिवस ०. दिवस १ नाही. ही चूक इतकी कॉमन आहे की पुढची सगळी तपासणी एक दिवस आधी होते, ‘तिसऱ्या दिवशीही जंतू दिसले’ म्हणून घरभर घबराट पसरते आणि तो मुळात दुसरा दिवस असतो.

## २. रक्त आधी, गोळी नंतर

ताप आला की घरात उरलेल्या गोळ्यांतल्या दोन देऊन बघायच्या आणि मग टेस्टला जायचं, हा उलटा क्रम आहे. दोन गोळ्यांनी परजीवी इतके कमी होतात की स्लाईडवर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात ती तपासणी) दिसत नाहीत पण संपतही नाहीत, मग रिपोर्ट निगेटिव्ह, उपचार बंद आणि दोन-तीन आठवड्यांनी तोच खेळ परत.

रिपोर्टवर फक्त ‘पॉझिटिव्ह’ असून भागत नाही. जात हवी, मुख्य दोन म्हणजे फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स. फाल्सिपेरम असेल तर बहुतेक ठिकाणी एसीटी म्हणजे आर्टेमिसिनिन गटातलं औषध अधिक एक जोडीचं औषध. व्हायवॅक्स असेल तर क्लोरोक्विन किंवा एसीटी, आणि लिव्हरमध्ये लपलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन. हा ‘आणि’ विसरला की गोळी कितीही चांगली असली तरी मलेरिया परत येण्याचा धोका राहतोच.

शक्य असेल तर स्लाईड करा, नुसती रॅपिड कार्ड टेस्ट नको. स्लाईडवर संख्या मिळते, तीच पुढे तुलनेला लागते. पहिली स्लाईड निगेटिव्ह आली पण संशय पक्का असेल तर १२ ते २४ तासांनी परत रक्त द्या, एका निगेटिव्हवर मलेरिया खोडता येत नाही.

चेक: जात लिहिली? संख्या लिहिली? डोसच्या आधी रक्त दिलं? तिन्ही हो असेल तर पुढे.

## ३. हा पेशंट कोणत्या गटातला?

एकच गोळी वेगवेगळ्या माणसांत वेगळी का वागते ते इथे कळतं, त्यामुळे या भागात जरा थांबू.

वजन. आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन ही एसीटीतली एक नेहमीची जोडी, तिची नेहमीची गोळी २० अधिक १२० मिलिग्रॅमची असते. एका वेळी किती, तर ५ ते १५ किलोच्या आत १ गोळी, १५ ते २५ च्या आत २, २५ ते ३५ च्या आत ३ आणि ३५ किलो किंवा वर ४. आता गंमत बघा, ३५ किलोच्या मुलालाही चार आणि ९० किलोच्या माणसालाही चारच. म्हणजे ल्युमेफँट्रिन एकाला किलोमागे जवळपास १४ मिलिग्रॅम मिळतं आणि दुसऱ्याला सव्वापाच. म्हणून जाड माणसाने स्वतःच पाचवी गोळी घ्यायची असं अजिबात नाही, पण अशा पेशंटचा फॉलोअप ढिला सोडायचा नाही एवढं नक्की. आणि मुलांचा डोस वयावरून ठरवणं बंद करा. कुपोषित चार वर्षांचं मूल आणि धडधाकट चार वर्षांचं मूल वेगवेगळ्या गटात पडू शकतात.

लहान आणि कुपोषित मुलं. वजनाप्रमाणे बरोबर डोस देऊनही यांच्या रक्तात ल्युमेफँट्रिन मोठ्यांपेक्षा कमी भरतं. शिवाय शरीराची स्वतःची लढाई कच्ची. ५ किलोच्या आतल्या बाळाला तर गोळी घरी मोडून द्यायचीच नाही, तो डॉक्टरचा निर्णय.

गरोदर बाई. पोटात बाळ असताना शरीर औषध वेगळ्या प्रकारे हाताळतं आणि ल्युमेफँट्रिनची पातळी खाली राहते. पहिल्या तीन महिन्यांतही आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन देता येतं अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली, त्याआधी क्विनाइन दिलं जायचं. प्रायमाक्विन मात्र गरोदरपणात नाही म्हणजे नाही.

मलेरियाची सवय असलेलं आणि नसलेलं शरीर. जिथे वर्षानुवर्षं मलेरिया आहे तिथल्या मोठ्या माणसाची प्रतिकारशक्ती अर्धं काम करून टाकते, तिथे थोडं कमजोर पडलेलं औषधही झकास वाटतं. तेच औषध पहिल्यांदा मलेरिया झालेल्या प्रवाशाला किंवा लहान मुलाला दिलं की त्याची खरी ताकद कळते. त्यामुळे ‘मला तर दोन दिवसांत बरं वाटलं होतं’ हा सल्ला दुसऱ्याच्या कामाचा नाही.

जंतूंचा भार. ४ टक्क्यांहून जास्त लाल पेशींत फाल्सिपेरम असेल तर पेशंट बरा दिसत असला तरी उपचार फसण्याची शक्यता वाढते, असा माणूस घरी ठेवायचा नाही. १० टक्क्यांच्या वर गेलं की तो सरळ गंभीर मलेरिया.

बाकीची औषधं. टीबीचं रिफाम्पिसिन, फिट्सची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, एचआयव्हीचं इफॅव्हिरेन्झ, ही औषधं लिव्हरला इतकं कामाला लावतात की मलेरियाचं औषध वेळेआधीच साफ होतं. गोळी खरी, डोस बरोबर, तरी रक्तात कमी. उलट दिशेनेही सांभाळा, हृदयाची लय बदलणारी काही औषधं या गोळ्यांबरोबर चालत नाहीत. कागदावर सगळी औषधं लिहायला सांगितलं ते यासाठीच.

जी६पीडी. हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाला प्रायमाक्विन दिलं की लाल पेशी फुटतात. म्हणून व्हायवॅक्समध्ये प्रायमाक्विनच्या आधी ही टेस्ट. बायकांमध्ये एक गोम आहे, साधी हो-नाही टेस्ट नॉर्मल येऊनही एन्झाइम मध्यम असू शकतं, तेव्हा आकडा देणारी टेस्ट मिळाली तर चांगलंच. कमतरता निघाली तर प्रायमाक्विन कायमचं बाद असंही नाही, डॉक्टरच्या देखरेखीत आठवड्यातून एकदा असं ८ आठवडे देण्याची पद्धत आहे.

## ४. डोसचं वेळापत्रक

आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिनचे ६ डोस, ३ दिवसांत. तास असे: ०, ८, २४, ३६, ४८, ६०. लोक ‘दिवसातून दोनदा’ एवढंच ऐकतात आणि पहिल्या-दुसऱ्या डोसमध्ये १२ तास टाकतात. पहिला फरक ८ तासांचा आहे.

सकाळी १० ला सुरू केलं तर दुसरा संध्याकाळी ६ ला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी १० आणि रात्री १०, तिसऱ्या दिवशी परत सकाळी १० आणि रात्री १०. रात्री ८ ला सुरू केलं तर दुसरा डोस पहाटे ४ ला, अलार्म लावा आणि उठवा, झोपू दे बिचाऱ्याला म्हणून सकाळवर ढकलू नका.

याच्यामागचं गणित असं की आर्टिमेथर शरीरात काही तासच टिकतं पण त्या तासांत धडाधड मारतं, आणि जंतूंचं एक चक्र साधारण ४८ तासांचं असतं, त्यामुळे तीन दिवसांत दोन चक्रं सापडतात. उरलेसुरले जंतू ल्युमेफँट्रिन मारतं, ते कित्येक दिवस रक्तात राहतं. ताप पहिल्या दीड दिवसात उतरतो तो आर्टिमेथरमुळे आणि लोक नेमकं तिथेच थांबतात. म्हणजे ताप गेला पण झाडलोट करणारा अजून कामाला लागलाच नव्हता.

सावध: एका कोर्सच्या गोळ्या दोघांत वाटायच्या नाहीत. अर्धा-अर्धा कोर्स म्हणजे दोघंही अर्धवट, आणि वाचलेल्या जंतूंना औषधाची ओळख करून दिल्यासारखं.

## ५. गोळी पोटात गेली, पण रक्तात गेली का?

माझ्या मते सगळ्यात जास्त ‘गोळी लागू पडली नाही’ इथेच तयार होतात.

ल्युमेफँट्रिन चरबीत विरघळणारं औषध आहे. रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घेतलं तर त्यातलं बरंचसं तसंच बाहेर जातं, भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर शोषण रिकाम्या पोटाच्या तुलनेत १६ पटींपर्यंत वाढलेलं मोजलंय. सोळा पट! म्हणजे दोन माणसांनी एकाच पाकिटातल्या गोळ्या घेतल्या तरी औषध एकसारखं मिळालं असं म्हणता येत नाही.

पण तापात कोण जेवतंय? जेवायची गरजही नाही. अगदी थोडी चरबी पुरते, पाव कप दूध, थोडे शेंगदाणे, अर्धं अंडं, काहीही. साय काढलेलं दूध मात्र नको. अंगावर पिणाऱ्या बाळाला गोळी दिल्यावर पाजायचं, आईच्या दुधात भरपूर चरबी असते. आणि शेवटच्या तीन डोसांना हे जास्त लक्षात ठेवा, कारण पहिल्या दिवशी सगळे काळजीने दूध देतात आणि तिसऱ्या दिवशी पेशंट स्वतःच गोळी पाण्याबरोबर ढकलून मोकळा होतो.

हा नियम सगळ्या गोळ्यांना सरसकट लावू नका बरं. डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्विन या दुसऱ्या एसीटीबरोबर उलट जड जेवण टाळायला सांगतात, कारण पिपेराक्विन जास्त शोषलं गेलं की हृदयाच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. प्रायमाक्विन काहीतरी खाऊनच घ्या, नाहीतर पोटात पीळ पडतो आणि लोक चौथ्या दिवशी सोडून देतात.

उलटी झाली तर: डोसनंतर तासाभराच्या आत उलटी झाली तर तो डोस परत द्यावा लागतो, आणि म्हणजे शेवटी एक डोस कमी पडणार, तेव्हा लगेच जादा गोळ्या मागवा. परत दिलेला डोसही उलटला तर घरचा प्रयोग बंद, हॉस्पिटल. ताप जास्त असेल तर आधी पॅरासिटामॉल देऊन, अंग पुसून, अर्ध्या तासाने गोळी दिली की टिकण्याची शक्यता बरी असते.

चेक: कागदावर प्रत्येक डोससमोर तीन खुणा. वेळ, सोबत काय खाल्लं, तासाभरात उलटी झाली की नाही.

## ६. पहिले तीन दिवस काय बघायचं

पहिल्या २४ तासांत ताप परत चढला तर तो अपयश नाही. त्या दिवशी स्लाईडवरची संख्या थोडी वाढलेलीही दिसू शकते, कारण आधीच आत असलेले जंतू त्याच वेळी फुटून बाहेर पडतात. इथे औषध बदलायचं नाही.

खरी लवकरची फसगत कशाला म्हणतात ते पक्कं आहे:

- दिवस १, २ किंवा ३ ला धोक्याची लक्षणं आणि रक्तात जंतू
- दिवस २ ची संख्या दिवस ० पेक्षा जास्त
- दिवस ३ ला जंतू दिसतायत आणि ताप ३७.५ डिग्री सेल्सियस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा वर
- दिवस ३ ला संख्या दिवस ० च्या २५ टक्के किंवा जास्त

आता कळलं असेल सुरुवातीची संख्या का मागितली. ती नसेल तर यातल्या दोन गोष्टी ठरवताच येत नाहीत.

दिवस ३ ला थोडेसे जंतू उरलेत पण ताप नाही, पेशंट बरा आहे, तर? हे हळू साफ होणं आहे. आर्टेमिसिनिनला अंशतः सरावलेले जंतू असे वागतात, कंबोडियाच्या पश्चिम भागात हे आधी लक्षात आलं आणि नंतर रवांडा, युगांडा, टांझानिया, एरिट्रियातही के१३ जनुकात बदल झालेले जंतू सापडले. पण हळू साफ होणं म्हणजे बरं न होणं नव्हे, जोडीचं औषध दमदार असेल तर पेशंट पूर्ण बरा होतो. दोन्ही औषधं लंगडी झाली की मात्र उपचार फसतो, कंबोडियात पिपेराक्विनच्या जोडीचं तेच झालं.

## ७. फॉलोअपला कोणती टेस्ट, आणि कोणती नाही

रॅपिड कार्ड टेस्ट फॉलोअपला वापरायची नाही. फाल्सिपेरमचं कार्ड जे प्रोटीन पकडतं ते जंतू मेल्यावरही आठवडेच्या आठवडे रक्तात फिरत राहतं. पूर्ण बरा झालेला माणूस दहाव्या दिवशी कार्ड करतो, पॉझिटिव्ह येतं, परत कोर्स घेतो, परत पॉझिटिव्ह. जंतू केव्हाच मेलेले असतात. फॉलोअप म्हणजे स्लाईड, बस्स.

स्लाईडच्या रिपोर्टवरही ‘गॅमेटोसाईट’ लिहिलेलं असेल तर दचकू नका. ती डासाकडे जाणारी अवस्था, तिने ताप येत नाही, आणि एसीटी तिला नीट मारत नाही म्हणून ती मागे दिसत राहते. फाल्सिपेरममध्ये प्रायमाक्विनचा एकच छोटा डोस देतात तो हिच्यासाठी. रिंगा, म्हणजे लाल पेशींत वाढणारे आणि ताप आणणारे जंतू, दिसल्या तर गोष्ट वेगळी.

पेशंट बरा असेल तर रोज टोचत बसायची गरज नाही. ताप परत आला की त्याच दिवशी स्लाईड, आणि फाल्सिपेरमवाल्याने निदान २८ दिवस सावध राहायचं, लांब टिकणारी औषधं घेतली असतील तर ४२. ज्यांना शिरेतून आर्टेसुनेट दिलं होतं त्यांनी चार आठवडे हिमोग्लोबिन बघत राहायचं, कारण काहींच्या लाल पेशी एक ते तीन आठवड्यांनी अचानक फुटतात, तेव्हा थकवा आणि गडद लघवीला ‘मलेरियाचा अशक्तपणा’ म्हणून सोडू नका. शिरेतल्या इंजेक्शननंतर गोळ्यांचा पूर्ण तीन दिवसांचा कोर्सही लागतो, डिस्चार्ज मिळाला म्हणून तो संपत नाही.

## ८. व्हायवॅक्सचा लांबलचक भाग

प्रायमाक्विन १४ दिवस. सातव्या दिवशी माणूस ठणठणीत असतो आणि गोळ्या कपाटात जातात. कमी दिवसांचा पर्यायही आहे, रोजचा डोस दुप्पट करून ७ दिवस, पण तो डॉक्टरने जी६पीडी बघून ठरवायचा, आपण दोन-दोन गोळ्या घेऊन कोर्स लवकर उरकायचा नाही. घेत असताना लघवी काळपट झाली, धाप लागली, ओठ-नखं फिकट पडली तर पुढची गोळी थांबवून लगेच दाखवा.

आणि काही जणांनी सगळं इमानदारीत करूनही व्हायवॅक्स परत येतो. प्रायमाक्विन गिळलं तसं काम करत नाही, लिव्हरमधलं सीवायपी२डी६ एन्झाइम आधी त्याला कामाच्या रूपात आणतं, आणि काहींच्यात ते जन्मतःच सुस्त असतं. पेशंटची चूक नाही, गोळीची पण नाही.

## ९. ताप परत आला: या क्रमाने जा, उडी मारू नका

१. मलेरियाच आहे का? स्लाईड. निगेटिव्ह असेल तर डेंग्यू, टायफॉइड, दुसरं काही बघा. एकदा मलेरिया झाला म्हणजे पुढचा प्रत्येक ताप मलेरिया नसतो.

२. तीच जात आहे का? आधी फाल्सिपेरम होता आणि आता व्हायवॅक्स आला, असं खूप होतं, दोन्ही एकदम झालेले असतात आणि एक लिव्हरमध्ये दडून बसतो. याला फाल्सिपेरमच्या गोळीचं अपयश म्हणत नाहीत.

३. किती दिवसांनी? फाल्सिपेरम २८ दिवसांच्या आत परतला तर उपचार फसला असं धरून दुसऱ्या जोडीची एसीटी देतात. २८ दिवसांनंतर आला तर बहुधा नवा डास, नवा मलेरिया, पहिलीच गोळी परत चालते. मेफ्लोक्विनवाली जोडी मात्र ६० दिवसांत परत देत नाहीत, डोक्यावर परिणाम होण्याचा धोका असतो. व्हायवॅक्समध्ये दिवस मोजून फारसं हाती लागत नाही. क्लोरोक्विन रक्तात खूप काळ रेंगाळतं म्हणून लिव्हरमधून निघालेले जंतू पाच-सात आठवड्यांनी दिसतात, ल्युमेफँट्रिन लवकर ओसरतं म्हणून ते आधी दिसतात. म्हणून एसीटी कमजोर असं म्हणायचं नाही, पहारा लवकर उठला एवढंच.

४. कागद काढा. सहाही डोस झाले? वजन बरोबर होतं? सोबत दूध-खाणं? उलटी? दुसरी औषधं?

५. गोळी खरी होती का? पाकीट, तारीख, बॅच नंबर, स्पेलिंग. मोकळ्या सुट्या गोळ्या, उन्हात ठेवलेली पाकिटं, यांचा काही भरवसा नाही. आणि पाकिटात जोडीचं औषधच नसेल, नुसतं आर्टेमिसिनिन गटातलं एकच असेल, तर तिथेच उत्तर सापडलं. असल्या एकट्या गोळ्या बंद करा असं जागतिक आरोग्य सभेने २००७ मध्येच सांगितलंय.

६. मग औषधाला दाद न देणारे जंतू. परत वाढलेला जुना जंतू की नवीन आलेला, हे नुसत्या स्लाईडवर कळत नाही, त्याला दोन्ही वेळच्या रक्ताची पीसीआरने जनुकीय तुलना लागते. म्हणून पहिल्या वेळचं रक्त लॅबमध्ये राखून ठेवलंय का ते विचारा, आणि आताचं रक्त नव्या औषधाचा पहिला डोस जायच्या आधी द्या.